पॅनलवरच्या कुरडया

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. वाळवंटात पॅनलवर धूळ बसते तसे ते बसत जातात. आज पुसलं, परवा परत थर. मग कधीतरी घरी चार माणसं जेवायला येतात, आमचा नवरा वाढता वाढता म्हणतो, "अगं, ती नारळाची गोष्ट सांग ना," आणि पोळ्या गार होतात. त्याला सगळे किस्से पाठ आहेत, तरी दरवेळी चुकीच्या ठिकाणी आधीच हसतो. म्हणून म्हटलं, एकदा मीच नीट सांगून टाकते.

मी नागपूरची, इलेक्ट्रिकल इंजिनियर. नवऱ्याच्या नोकरीमागे अ‍ॅरिझोनात आले, आणि वर्क परमिट हातात पडल्यावर पहिली नोकरी मिळाली ती एका छोट्या सोलर कंपनीत. मालक डॅन, फोरमन हेक्टर, आणि छतावर चढून मापं घेणारी मी. आमची निम्मी कामं एकाच वसाहतीत. रिटायर्ड लोकांची वसाहत. चारी बाजूंनी वाळवंट, मध्ये हिरवंगार गोल्फ कोर्स, आणि रस्त्यावर गाड्यांपेक्षा गोल्फ कार्ट जास्त. इंटरव्ह्यूत डॅनने विचारलं होतं, इथलं ऊन झेपेल का? मी म्हटलं, मी नागपूरची. त्याला काही कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने तो विषय सोडला.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक आजोबा, नव्वदी ओलांडलेले. डॅन त्यांना सोलर समजावत होता, मी शेजारी बसून शिकत होते. आजोबांच्या हातात दोन कंपन्यांची पत्रकं. दोन्ही त्यांनी भिंगातून वाचली होती.

म्हणाले, तुमची वॉरंटी पंचवीस वर्षांची, आणि हे दुसरे लोक तीस देतायत.

डॅनने आमची पॅनल कशी मजबूत, सर्व्हिस कशी घरच्यासारखी, ते सगळं सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण मग शेवटची पाच वर्षं मी काय करायचं?"

* * *

वसाहतीला एक कमिटी आहे. घराचा रंग, दाराचा रंग, कुंडीचा रंग, सगळं कमिटी ठरवते, आणि तो रंग बेज, म्हणजे वाळूसारखा, असतो. कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर. रिटायर्ड हेडमास्तर. फुप्फुसांचा त्रास, त्यामुळे नाकाला कायम ऑक्सिजनची नळी. ऑक्सिजनचं मशीन गोल्फ कार्टच्या टोपलीत ठेवून हा माणूस वसाहतभर राउंड मारतो आणि कोणाची कुंडी निळी आहे ते बघतो.

वॉल्टरचं म्हणणं, सोलरला हरकत नाही, पॅनल बेज लावा.

डॅनने सांगितलं, पॅनल काळीच असतात, उजेड शोषून घ्यावा लागतो. वॉल्टर म्हणाला, कोणी प्रयत्न तरी करून बघितलाय का?

आता इथे कमिटीला सोलरला सरळ नाही म्हणता येत नाही, कायदा आहे. वेळ मात्र घेता येतो. "कमिटीकडे अर्ज करा. वेळ लागतो," हे वाक्य वॉल्टर इतक्या थंडपणे म्हणायचा की हेक्टरने ते उचललं. लंचला त्याच्याकडे एक चिप मागितली तरी पाकीट छातीशी धरून म्हणायचा, कमिटीकडे अर्ज करा.

* * *

या वसाहतीत एकच मराठी घर. कुमुदकाकूंचं. मूळच्या सोलापूरच्या, पुढे सगळा संसार पूर्वेकडे, बर्फाच्या पार्सिपनीत. काकांच्या गुडघ्यांना थंडी सोसेना म्हणून रिटायरमेंटनंतर दोघं इकडे वाळवंटात आले. काका दोन वर्षांपूर्वी गेले, आणि तेव्हापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॉरिसव्हिलला राहणारा मुलगा, नितीन, काकूंना तिकडे न्यायच्या मागे लागलेला.

मी माप घ्यायला गेले तेव्हा तो स्पीकरफोनवर हजर होता. त्याची अट साधी होती. इथे उन्हाळ्यात वीज गेली तर घराची भट्टी होते. सोलर हवं, सोबत बॅटरी हवी, आणि सगळ्याचं ॲप त्याच्या फोनवर हवं. काही वेडंवाकडं दिसलं की तो तिकीट काढणार, आणि मग घर विकायचं. काकू हो हो म्हणत होत्या आणि मला खुणेने अजून एक चकली घे म्हणत होत्या.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, तिकडे काही त्रास आहे का? सून वगैरे?

"सून चांगली आहे गं. तोच तर प्रॉब्लेम आहे," काकू म्हणाल्या. "भांडताही येत नाही. वरच्या मजल्यावर एक खोली देतील, उशी बदलून देतील, आणि मी तिथे पाहुण्यासारखी बसून राहीन. इथे माझा ओटा आहे, माझं अंगण आहे. ह्यांची खुर्ची आहे. मला इथून हलायचं नाहीये, बघ काय करता येतं ते."

मी म्हटलं, काकू, मी फक्त माप घ्यायला आलेय. त्या म्हणाल्या, मग नीट घे.

* * *

वॉल्टरच्या कमिटीने व्हायचा तेवढा वेळ घेतला. शेवटी असं ठरलं की बहुतेक पॅनल छतावर, पण रस्त्यावरून दिसणारी तीन मागच्या अंगणात, जमिनीवर, भिंतीआड. कमरेएवढ्या उंचीच्या स्टँडवर, तिरकी.

सिस्टिम चालू करायच्या दिवशी काकूंनी हेक्टरला गॅरेजच्या दाराशीच थांबवलं आणि बूट काढायला लावले. इन्व्हर्टरच्या खोक्याला हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. मग हेक्टरच्या हातात नारळ देऊन म्हणाल्या, फोड. त्याने ड्राइव्हवेच्या कडेवर एका फटक्यात दोन भकलं केली, खोबरं खाल्लं, छातीवर क्रॉस केला आणि स्विच ओढला. पहिल्या झटक्यात सगळं चालू. आमच्या धंद्यात असं होत नाही. काहीतरी अडतंच.

पुढच्या घरी नारळ नव्हता, आणि सिस्टिम दुपारपर्यंत चालू झाली नाही. दुसऱ्या दिवशी हेक्टरच्या ट्रकमध्ये हेल्मेटच्या शेजारी नारळांची जाळी होती.

पुढे काही महिन्यांनी खुद्द वॉल्टरने सोलर घेतलं. शेजारच्या काकूंकडे आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्याला सहन होईना. आम्ही बॅटरी घ्या म्हणून परोपरीने सांगितलं. बॅटरीशिवाय, बाहेरची वीज गेली की पॅनलही बंद पडतात, सुरक्षेसाठी तसंच करावं लागतं. वॉल्टर म्हणाला, माझ्या छतावर अख्खा सूर्य आहे, बॅटरी कशाला? त्याच्याही ड्राइव्हवेवर हेक्टरने नारळ काढला. वॉल्टरने विचारलं, हे काय?

"सेफ्टी कोड," हेक्टर म्हणाला.

वॉल्टर दोन पावलं मागे सरकला.

* * *

त्याच वॉल्टरचं एक पॅनल पुढे फुटलं. काचेला बरोबर मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. गोल्फ बॉल लागला होता. वॉल्टरचा पारा चढला. कोणी मारला ते शोधा, कमिटीसमोर उभं करतो.

मी वर चढले. पन्हाळीत बॉल सापडला. तिथले लोक आपापल्या बॉलवर मार्करने नावाची अक्षरं लिहितात, याच्यावरही होती. मी खाली येऊन बॉल वॉल्टरच्या हातात दिला. अक्षरं त्याचीच होती.

त्याने बॉल फिरवून फिरवून बघितला. "म्हणजे," तो म्हणाला, "कोणीतरी आधी माझा बॉल चोरला."

* * *

काकूंच्या सिस्टिमला वर्ष होत आलं, आणि एप्रिलमध्ये अंगणातली तिन्ही पॅनल आजारी पडली. आमच्या स्क्रीनवर प्रत्येक पॅनलचं वेगळं दिसतं. सकाळी ठणठणीत, दहा वाजले की मेल्यासारखी, संध्याकाळी पुन्हा जिवंत. डॅनने डोकं खाजवलं. नितीनचे तर मला रोज मेसेज. त्याने ग्राफ काढून पाठवला, वर लाल गोल करून. ही सिस्टिम भरवशाची नाही, जूनमध्ये काय होणार, मी आईला घेऊनच जातो.

मी गेले. बेल वाजवली, कोणी दार उघडेना. मागच्या फाटकातून आत गेले तर काकू मोठी हॅट घालून, हातात सोऱ्या घेऊन उभ्या. तिन्ही पॅनलवर जुनं धुतलेलं सुती पातळ पसरलेलं, आणि त्यावर कुरडयाच कुरडया!

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, काकू, हे काय चाललंय?

त्यांना खरंच कळेना की माझं बिनसलं काय. स्वच्छ काच, तिरकी, दिवसभर पूर्ण ऊन, खाली सशांचा त्रास नाही, वाकायला लागत नाही. त्यांना वाटलं होतं, मी मुद्दाम वाळवणासाठीच कमरेएवढी उंची ठेवली. काय बाई हुशार पोरगी, असं त्यांनी सोलापूरला बहिणीला फोनवर सांगितलंही होतं.

मग नितीनचं सांगितलं, तशा त्या खुर्चीत बसल्या. काकांच्या खुर्चीत. "त्याला सांगू नकोस," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. सोऱ्या तसाच हातात होता.

मी नितीनला कळवलं की सीझनल शेडिंग आहे, मोसमी सावली पडतेय, आपोआप जाईल. तो आयटीवाला, असा सोडतो थोडाच! कसलं शेडिंग, कुठल्या झाडाचं, वाळवंटात झाड आलं कुठून? मी म्हटलं, यार नितीन, उन्हाळी आहे, दरवर्षी येतं.

दोन आठवड्यांनी त्याचा मेसेज आला. "पार्सल मिळालं. शेडिंग तळून खाल्लं. मस्त होतं." आणि खाली, "पण जूनमध्ये काही झालं तर मी ऐकणार नाही."

* * *

नितीन सकाळी उठून पहिल्यांदा काय बघतो, तर आईच्या घरातल्या वीजवापराचा ग्राफ. सहाच्या सुमाराला एक छोटा उंचवटा आला, म्हणजे चहा झाला, म्हणजे आई ठीक आहे. उंचवटा नाही आला की फोन. मला हे आधी विचित्र वाटलं, मग नाही वाटलं. मी माझ्या आईला नागपूरला रोज मेसेज करते तो काय वेगळा असतो?

काकूंना ते कळलं होतं. आठवड्यातून काही सकाळी त्या पोहायच्या तलावात चालणाऱ्या व्यायामाच्या क्लासला जातात, आणि नंतर सगळ्या बायका तिथेच कॉफी पितात. एकदा मी इन्व्हर्टरचा फिल्टर तपासायला भल्या पहाटे पोचले, तर काकू पोहायच्या कपड्यांवर टॉवेल गुंडाळून निघालेल्या, आणि ओट्यावर इलेक्ट्रिक किटली खदखदतेय. मी म्हटलं, काकू, चहा राहिला तुमचा.

"माझा नाही गं," त्या म्हणाल्या. "नितीनचा आहे."

किटलीत नुसतं पाणी होतं.

* * *

आणि मग जून आला. भर दुपारी अख्ख्या वसाहतीची वीज गेली. नितीनचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या टोकाला एका छतावर होते.

तो एका दमात सांगत सुटला. सकाळचा चहा आला होता, तोपर्यंत सगळं ठीक होतं. आता वीज नाही, आई बॅटरीवर आहे, आणि घरात एवढी वीज लागतेय जेवढी आजवर कधीच लागली नाही. बॅटरी धडाधड उतरतेय. आई फोन उचलत नाही. काहीतरी पेटलंय, नाहीतर ती पडलीय. तिकीट काढलंय, आज रात्री पोचतो, आणि या वेळी तिला घेऊनच परत जाणार, बस्स झालं.

मी ट्रक हाणला. काकूंच्या गल्लीत वळले. घरासमोर दोन्ही बाजूंनी गोल्फ कार्टांची रांग. दार सताड उघडं. दुपारच्या वेळी घराबाहेर एवढी माणसं जमली की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ असतो. ट्रक बंद न करता मी आत धावले.

आत गारवा होता. हॉलमध्ये, सोफ्यावर, जमिनीवर गाद्या टाकून, जेवणाच्या टेबलाभोवती, सगळीकडे म्हातारी माणसं. ऑक्सिजनची मशीनं ओळीने एक्स्टेंशनला लावलेली, सगळी घुर्र घुर्र करतायत. मिक्सर चालू. काकू ताक घुसळून पेल्यात ओतत होत्या, आणि तळलेल्या कुरडयांची परात हातोहात फिरत होती. काकांच्या खुर्चीत वॉल्टर. त्याच्या छतावर अख्खा सूर्य होता, आणि घरात पंखा फिरत नव्हता. त्याच्या मशीनला प्लग हवा म्हणून काकूंनी स्वतःचा फोन चार्जिंगवरून काढला होता आणि मग तो कुठे ठेवला ते विसरल्या होत्या.

मी नितीनला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काकूंच्या हातात दिला.

"आई, मी निघालोय. बॅग भर," नितीन म्हणाला. तो रडवेला झाला होता. "तू तिथे एकटी असतेस आणि मला इथे काही सुचत नाही."

काकूंनी फोन हळूहळू खोलीभर फिरवला.

वॉल्टरने विचारलं, कोण आहे? मी सांगितलं, मुलगा आहे, आईला कायमचं न्यायला येतोय. वॉल्टरने हातातली अर्धी कुरडई नीट खाऊन संपवली, बोटं रुमालाला पुसली, नाकातली नळी सरळ केली आणि फोन मागून घेतला.

"सर," तो म्हणाला, "त्यांना इथून हलवायचं असेल तर कमिटीकडे अर्ज करावा लागेल. वेळ लागतो."

"किती?" नितीनने विचारलं.

वॉल्टरने माझ्याकडे बघितलं. "हिच्या सोलरची वॉरंटी किती वर्षांची आहे?"

मी म्हटलं, पंचवीस.

"तेवढा," वॉल्टर फोनमध्ये म्हणाला, आणि परातीकडे हात पुढे केला.