डावा पाय

"बनियन उतरव."

अकोल्याच्या मैदानावर, भर दुपारी. वकीलसाहेब हे मला तोंडावर म्हणाले, पण शेजारी भोंग्याचा माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

वकीलसाहेब अमरावतीच्या व्यायामशाळेचे चिटणीस. मानवी मनोऱ्यांच्या त्या स्पर्धेचे नियमही त्यांनीच केलेले. माझ्या अंगात आमच्या वस्तीच्या संघाचं निळं बनियन होतं. घरी रंगवलेलं, घामानं बगलेत रंग सुटलेलं. नुकताच आमचा मनोरा उभा राहिला होता. जराही हलला नव्हता. टाळ्या पडल्या होत्या. वस्तीबाहेरच्या लोकांनी आमच्यासाठी वाजवलेल्या टाळ्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकल्या.

"हा गडी आमच्या व्यायामशाळेचा आहे," साहेबांनी परीक्षकांना सांगितलं. "एक गडी, एकच संघ. यांचा मनोरा बाद धरा." मग माझ्या छातीवर एक पांढरं बनियन फेकलं. "आणि तू हे घाल. आपली पाळी आहे आता."

मी निळं उतरवलं. परीक्षक मान डोलावत होते, दुसरं काय करणार. गर्दीतून एक जण ओरडला, "एक बनियन सकायचं, एक दुपारचं! मजा हाय लेका गड्याची!" लोक हसले. मी उघडा उभा.

आता हे कसं झालं ते सांगतो. दीक्षा घेऊन घरातले देव काढून टाकल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी वीस वर्षांचा. व्यायामशाळेत मला त्याच सुमारास घेतलं होतं, ते खांदे पाहून. मनोऱ्यात खाली सहा जण फेर धरून बसतात, त्यांच्या खांद्यांवर तिघे, सर्वांत वर एक. मी कायम खालच्या सहांत. पाणी मला वरून ओंजळीत मिळायचं. त्याची सवय होती.

वस्तीनं स्वतःचा संघ काढला तेव्हा मी साहेबांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "तुझं नाव मी आमच्या संघात देत नाही. तुझ्या लोकांकडून खुशाल खेळ." माझ्यासाठी एका शाळेत चपराशाच्या जागेचा शब्दही त्यांनी टाकला होता. मी विश्वास ठेवला. त्यांनी नाव दिलं होतं. आमचा मनोरा पडला असता तर ही गोष्ट त्यांनी बाहेरही काढली नसती.

आमचा कप्तान गोविंदा पुढे झाला. "साहेब, तुमचा भाचा अरविंद सकाळी अकोल्याच्या संघातून खेळला. आता तुमच्याकडून खेळून राहिला. त्याले कोनता नियम?"

"त्याला यजमानांनी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो शिष्टाचार झाला."

"मंग आमच्या गड्याचं काय झालं?"

"ती लबाडी."

मला मैदानाच्या मधोमध नेलं. पांढरं बनियन हातातच होतं. बाकीचे पाच बसायच्या तयारीत. फेराच्या कडेला पाण्याची बादली. ती आमच्या व्यायामशाळेचीच, अमरावतीहून मोटारीत आणलेली. पहाटे सवयीनं मीच उतरवून घेतली, मीच भरली.

ती बादली पाहिली आणि मी थांबलो.

अरविंद मधल्या तिघांतला. त्याचा डावा पाय माझ्या खांद्यावर असायचा, उजवा माझ्या उजवीकडच्या कुणब्याच्या पोराच्या खांद्यावर. उतरला की तो बादलीपाशी जाऊन पाय धुवायचा. एकच. डावा. मला वाटायचं, जखम असेल. एकदा मी घरून करंजाचं तेल नेलं त्याच्यासाठी. "तिथं ठेव," म्हणाला आणि हसला. बाटली तिथंच राहिली.

त्याच दिवशी सकाळी तो अकोल्याच्या मनोऱ्यावरून उतरला, चपला पायात सरकवल्या आणि चहाला गेला. बादली चार हातांवर होती. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. मी हे बघितलं होतं. अर्थ आता लागला.

"ए, बस ना बे लवकर," अरविंद म्हणाला.

"तुहा डावा पाय दुखते काय?"

"नाही. काहून?"

"मंग धुतो काहून? आन एकच?"

तो मामाकडे बघायला लागला. कुणब्याचा पोरगा मातीकडे. म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, आणि दोन वर्षं बादली मी भरत होतो. माझा विटाळ माझ्याच हातच्या पाण्यानं धुतला जात होता.

वकीलसाहेब जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तमाशा करू नकोस. त्या जागेचं शनिवारी ठरणार आहे."

"मी नाई बसत, साहेब. खांदा माहा हाय."

"आज बसला नाहीस तर कुठल्याच संघात दिसणार नाहीस."

"तुमच्यात नाई दिसनार. आमच्यात दिसीन."

पांढरं बनियन घडी करून मी बादलीच्या काठावर ठेवलं. परत गेलो. निळं बनियन धुळीत पडलं होतं. झटकलं, घातलं.

पुढे काही चांगलं झालं नाही. आमचा मनोरा बाद तो बादच. शाळेतली जागा दुसऱ्याला गेली. माझ्या जागी त्यांनी अकोल्याच्या संघातला एक गडी बसवला. पाहुणा म्हणून. त्यांचा मनोरा उभा राहिला आणि ढाल त्यांनाच मिळाली. अरविंद उतरला, चपला घातल्या, ढाल घ्यायला गेला.

मी हिशेबी माणूस आहे. सहा खांद्यांवर चार माणसं, म्हणजे एकावर पाऊण माणसाचंही ओझं येत नाही. ते जड नव्हतंच. ओझ्याची तक्रार मी कधी केली नाही, आजही करत नाही.

अकोल्याहून परत येताना गाडीतच आम्ही आमच्या संघाचा नियम केला. जो खाली बसत नाही, त्याला वर चढता येणार नाही. आज वर तो उद्या खाली. माझा धाकटा पोरगा आता संघात आलाय. हलका आहे, चपळ आहे. पोरं म्हणतात, काका, याले वरच ठेवा. मी ठेवत नाही. तो खाली बसेल, त्याच्या खांद्यावर कुणाचाही पाय पडेल. आणि उतरल्यावर त्यातला एक जरी बादलीकडे वळला, तर मी त्याचं बनियन उतरवून घेईन. भर मैदानात. मग तो कुणाचाही भाचा असो.