एक वाव दोर

सुमे, मनोरीच्या जेट्टीवर तू हात हलवत होतीस आणि मी वळून पाहिलं नाही, त्याचा तुला अजून राग आहे. पाहिलं असतं तर बोटीतून उतरले असते गं. ओवी मात्र कठड्याला लटकून तुला ओरडून टाटा करत होती. सहा वर्षांची पोर, पाण्याची जराही भीती नाही.

बोरिवलीत आमचा नवा फ्लॅट सतराव्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी लिफ्टचं दार बंद झालं आणि तिने किंकाळी फोडली. मी तिचा दंड धरून ‘काही होत नाही, गप्प राहा’ म्हणत राहिले. वर पोचेपर्यंत तिचा फ्रॉक ओला झाला होता. खरं सांगते, भीती मलाही वाटत होती. आपण जन्मभर जमिनीवर नाहीतर पाण्यावर, हवेत लटकायची सवय कुणाला? पण आईने घाबरायचं नसतं ना, म्हणून पोरीशी धडधडीत खोटं बोलले.

त्यानंतर लिफ्ट दिसली की ती भिंतीला चिकटायची. रोज सतरा मजले जिन्याने चढून माझी वाट लागली. शेवटी हे म्हणाले, “वर्षभर मनोरीला आजीकडे ठेवू तिला. मोठी झाली की आणू.” एकदा राहिली की ती इथे पाहुणी म्हणून येणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा बाबा आठवले. तू पाळण्यात होतीस. कोळ्याची पोर असून मी होडीला भ्यायचे, अख्खा कोळीवाडा हसायचा. बाबा नाही हसले. होडी खुंटाला बांधून मला आत बसवायचे, स्वतः शेजारी बसायचे आणि रोज एकच वाव दोर जास्त सोडायचे. दोन हात पसरले की होतो तेवढाच. मी रडले की ओढून परत किनाऱ्याला. उद्या पुन्हा. म्हणायचे, “मना पन भ्या वाटतं गो. तू माजा हात धर.”

ओवीला म्हटलं, “मलाही लिफ्टची भीती वाटते. खूप.”

“मग खोटं का बोललीस?”

“चुकलं माझं.”

तो दिवस नुसता उघड्या दारात उभं राहण्यात गेला. वॉचमनकाका बटण दाबून धरून होते. मग एक मजला लिफ्टने, बाकीचे जिन्याने. मग दोन. चौथ्याला ती रडली, तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्यालाच उतरलो. शेजारीण म्हणाली, फार लाडावून ठेवलंय. म्हणू दे.

परवा सतराव्याला निघालो. अकरावा गेला आणि लाइट गेली, लिफ्ट थांबली. मिट्ट काळोख. मीच भिंतीला चिकटले. तेवढ्यात माझ्या कमरेजवळून तिचा रडवेला आवाज आला, “आई, मलापण भीती वाटतेय. तू माझा हात धर.”

धरला. लाइट येईपर्यंत आम्ही दोघी तशाच रडत उभ्या होतो. सतराव्याला दार उघडलं, तिने नाक पुसलं आणि विचारलं, “उद्या पण?”

तू विचारतेस, तिकडे घर वाटतं का? दार बंद होताना काळजात अजून धस्स होतं. पण आता मी ते लपवत नाही, आणि ओवी हात पुढे करते. एवढं आहे म्हणून घर म्हणते.

रविवारी येतोय आम्ही दोघी, भेटायला. ओवीला ठेवायला नाही. आईला सांग, निघताना या वेळी मी जेट्टीकडे वळून बघणार आहे.