डावी बाजू, उजवी बाजू

आयुष्यभर मी शाळेत गणित शिकवलं आणि वर्गात एकच वाक्य घोकलं: समजलं नसेल तर हात वर करा, त्यात लाजायचं काय?

तीन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. खराडीत चांगल्या नोकरीत होता. पाया पडला, चहा घेतला आणि कागदावर एक गोल काढला. "बाई, हा तुम्ही." गोलाला खाली दोन फाटे, डावी बाजू आणि उजवी बाजू. दोन्हीकडे एकेक माणूस जोडायचा, त्यांनी आणखी दोघांना, आणि प्रत्येकानं दर महिन्याला कंपनीचा प्रोटीन पावडरचा डबा घ्यायचा. दोन्ही बाजूंचे पॉइंट जुळले की कमिशन. एका बाजूला जास्त झाले तर? ते पुढच्या महिन्यात जातात, पण मर्यादेपर्यंतच. मर्यादा कशावर? तुमच्या पायरीवर. पायरी कशावर? जुळलेल्या पॉइंटवर. आणि मीच एखाद्या महिन्यात डबा नाही घेतला तर? सगळेच बाद.

मी दोनदा चष्मा पुसला.

"समजलं ना, बाई?"

ज्याला मी त्रैराशिक शिकवलं, त्याच्यापुढे नाही कसं म्हणणार? मी मान डोलावली. शेवटच्या बाकावरची पोरं डोलवायची, अगदी तश्शी.

डावी बाजू तो भरणार होता. उजवीकडे मी माझ्या मैत्रिणीला आणलं. ती आमच्याच शाळेत शिवण शिकवायची. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी आम्ही दोघी मंडईत जायचो, दोघींत मिळून एकच मोठी पिशवी. येताना एक बंद तिच्या हातात, एक माझ्या. तिला तो कागद समजावायला गेले तर म्हणाली, "मला नको सांगूस बाई. तू गणितातली. तू बघितलंयस ना? झालं तर मग." आणि सही करून मोकळी झाली.

पुढं नेमकं काय होत गेलं, ते मला आजही धड सांगता येत नाही. डावीकडे अनोळखी माणसांची रीघ लागली. फोनवरचे आकडे फुगत होते, हातात मात्र चिमूटभर यायचं, डब्याचीही किंमत निघायची नाही. कारण मोजली जायची ती लंगडी बाजू, आणि लंगडी बाजू म्हणजे माझी मैत्रीण. मी विक्रेती होते की गिऱ्हाईक? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातलं मी कोण होते? विद्यार्थ्याला विचारलं की तो नवा गोल काढायचा. मला भयंकर राग यायचा. त्याचा की स्वतःचा, तेवढंही कळायचं नाही.

मग एकदा सहज तिच्याकडे गेले. शिलाई मशीनखाली डब्यांची रास होती, एकही न फोडलेला.

"अगं, हे काय?"

"तुझी उजवी बाजू," ती म्हणाली. "मला कुणी जोडता येईना. पण मी घेणं थांबवलं तर बाईंचं बुडेल, असं तो म्हणाला. म्हटलं, मोतीबिंदू काय, पुढच्या वर्षी काढता येईल."

मशीनवर ब्लाउज अर्धवट पडला होता. सुईत दोरा नव्हता. मी तो ओवून दिला आणि घरी येऊन रडले. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्याला फोन करून आम्हा दोघींची नावं काढायला सांगितली.

त्या शनिवारी आम्ही नेहमीसारख्या मंडईत गेलो. मेथी घेतली, वांगी घेतली. निघताना तिनं विचारलं, "एक खरं सांग. तुला तरी समजलं होतं का ते?"

"नाही."

ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"मग हात वर करायचास की."

एवढंच बोलली. पिशवीचे दोन्ही बंद तिनं आपल्याच हातात घेतले आणि पुढं चालायला लागली.