मुत्तक्काची अर्धी गोष्ट

मी कोडीतोटच्या शाळेत रुजू झाले त्या वर्षी आवारातल्या झाडावरची एक पिकलेली पपई नाहीशी झाली. हेडमास्तर शेषगिरींनी सगळ्या पोरांना उन्हात उभं केलं आणि कबुली मागितली. कुणी बोलेना. बऱ्याच वेळाने स्वयंपाकाच्या खोलीतून मुत्तक्का पदराला हात पुसत बाहेर आली. ती शाळेत दुपारचं जेवण रांधायची.

"सर, पोरं इथेच करपली तर माझं सांबार कोण खाणार? थोडा वेळ मला द्या त्यांना."

तिने पोरांना पडवीत बसवलं आणि गोष्ट सुरू केली. एका माकडाने देवळाचा फणस चोरून खाल्ला आणि साळसूदपणे गावभर विचारत सुटलं, फणस कुणी खाल्ला हो? पुजारी म्हणाला, आधी देवाला हात तर जोड. माकडाने हात जोडले आणि ते चिकाने चिकटून बसले. एवढं सांगून मुत्तक्का थांबली. "आता माकड काय म्हणालं असेल?"

मागच्या ओळीतला सुंदर नावाचा मुलगा पटकन म्हणाला, "ते म्हणेल, मी एकट्याने नाही खाल्ला."

पोरं खो खो हसली. सुंदर हसला, आणि त्याच्या शेजारचे दोघे मान खाली घालून हसले. हेडमास्तरांनी छडी भिंतीला टेकवून ठेवली. त्या तिघांना महिनाभर झाडाला पाणी घालायला लावलं, एवढंच.

मी वेंगुर्ल्याची, लग्न होऊन इकडे कन्नड मुलखात आले त्याला आता सव्वीस वर्षं होतील. कन्नड मी नवऱ्यापेक्षा मुत्तक्काकडून जास्त शिकले. तिशीतच तिचा नवरा गेला होता. पदरात एक मुलगा, कूसप्पा. बारा वर्षं तिने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आतल्या गावांतून फिरून पोट भरलं. दुपारी कुणाच्या अंगणात टेकली की तिथल्या म्हाताऱ्या तिला गंजी, म्हणजे भाताची पेज, वाढायच्या आणि गोष्टी सांगायच्या. म्हणायची, "टीचर, पाटी रिकामी व्हायची आणि डोकं भरायचं." शाळेत काम मिळालं तेव्हा त्या सगळ्या गोष्टी घेऊनच ती आली. बहुतेक गोष्टी लबाडांच्या होत्या, आणि लबाडांवर तिचा जीव होता. कोल्हा थापा मारायला लागला की तिचा आवाजच बदलायचा. पण पोर खोटं बोललं तर त्याला तोंडावर खोटारडा म्हणालेलं मी तिला कधी ऐकलं नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "तसं म्हटलं की ते पोर खोट्याला आणखी घट्ट धरून बसतं. गोष्टीत तोंड लपवायला जागा असते. तिथून ते आपणहून बाहेर येतं."

हे सगळं ठीक चाललं होतं. मग नऊ वर्षांपूर्वीचा जून आला.

मोठ्या बोटी किनाऱ्याला ओढून ठेवल्या होत्या आणि समुद्र खवळलेला होता. तरी कूसप्पा आणि त्याचा सोबती लोकय्या लहान होडी घेऊन बाहेर पडले. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. कूसप्पा पोहत किनाऱ्याला लागला. लोकय्या तिसऱ्या दिवशी सापडला, दोन कोस दक्षिणेला.

भजनमंदिरात गाव जमलं तेव्हा कूसप्पाने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी नको म्हणत होतो. लोकय्या ऐकेना. म्हणाला, सगळे घरी बसलेत, सगळी मासळी आपलीच. उलटल्यावर मी होडीला धरून राहिलो. त्याला शोधलं, हाका मारल्या. तो दिसलाच नाही."

लोक हळहळले आणि घरी गेले. पण 'सगळी मासळी आपलीच' हे शब्द मागे राहिले. लोकय्याची बायको देजम्मा जाळी विणायला बसली की बायका कुजबुजायच्या, हावेपायी गेला बिचारा. तिची मुलगी सुगंधी चौथीत होती, माझ्याच वर्गात. मधल्या सुट्टीत पोरांनी एक खेळ काढला. एकाने लोकय्या व्हायचं, दोन्ही हातांनी मासळी कवटाळायची आणि बुडायचं. मी तो बंद केला, पण खेळ असे बंद होत नाहीत, दुसऱ्या कोपऱ्यात सुरू होतात.

सुगंधी जेवणाच्या वेळी मुत्तक्काजवळ जाऊन बसू लागली. एक दिवस तिने विचारलं, "अक्का, माझा बाबा हावरट होता का?"

मुत्तक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. "तुला काय वाटतं?"

"मासे कमी असले की तो म्हणायचा, मला भूक नाही."

त्या दिवशी भांडी घासून झाल्यावर मुत्तक्का माझ्या वर्गात आली आणि बाकावर बसली. एरवी ती बाकावर बसत नसे.

"टीचर, मी आयुष्यभर गोष्टी सांगितल्या. एकच गोष्ट दोनदा सारखी सांगता येत नाही मला. खरी घडलेली तर नाहीच नाही, दर वेळी आणखी काहीतरी आठवतं. कूसप्पाने ही हकीकत पोलिसांना सांगितली, गावाला सांगितली, माझ्या भावाला सांगितली. एक शब्द इकडचा तिकडे नाही. त्याने ती पाठ केलीय."

मी म्हटलं, "मग त्याला विचार ना."

"विचारलं असतं. पण तो खरं बोलला तर मला ऐकावं लागेल. म्हणून दोन महिने गप्प आहे मी."

कूसप्पा तेव्हा समुद्रावर जाणं सोडून घरीच बसायचा. आईला मदत म्हणून शाळेत येऊन नारळ सोलून, खवून द्यायचा. मान वर करत नसे. सुगंधी पाणी प्यायला आली की उठून मागच्या दाराने बाहेर जायचा.

ऑगस्टमध्ये, समुद्राच्या पूजेच्या चार दिवस आधी, जेवणं संपत आली तशी पोरं मुत्तक्काभोवती जमली. कूसप्पा आत विळीवर बसला होता. दार उघडंच होतं. मी भिंतीला टेकून उभी होते.

मुत्तक्काने सांगितलं, "दोन सोबती मध काढायला कड्यावर गेले. एक दोराला लोंबकळून खाली उतरला, दुसऱ्याने वर दोर धरला. मधमाश्या उठल्या. वरच्याने घाबरून दोर सोडला. घरी येऊन म्हणाला, काय करू, दोरच तुटला. लोक म्हणाले, तुटलेला दोर दाखव. आता आली का पंचाईत? दोर तर चांगला अख्खा. मग त्याने कोयता घेतला आणि दोर मधोमध कापला. बायको म्हणाली, या तुकड्याने विहिरीचं पाणी काढते. त्याला भीती वाटली, घागर भरून वर आली तर लोक म्हणतील, दोर मजबूत आहे की. त्याने तो तुकडा पुन्हा कापला. मुलगा म्हणाला, वासरू बांधतो. त्याने पुन्हा कापला. असं करत करत घरात वीतभर दोर उरला नाही. वासरू पळालं, पाळणा उतरवून ठेवावा लागला, घरात प्यायला पाणी नाही. आणि एक दिवस मेलेल्या सोबत्याची मुलगी दारात येऊन म्हणाली, काका, दोर असला तर द्या. तो काय म्हणाला असेल?"

"म्हणेल, उंदराने खाल्ला," एकजण म्हणाला.

"म्हणेल, तुझ्या बापाने नेला," दुसरा म्हणाला, आणि दोघेतिघे हसले.

सुगंधी भात चिवडत होती. ती हळूच म्हणाली, "ती दोर मागायला आलेलीच नाही. बाबा कसा पडला ते विचारायला आलीय."

आत नारळ खवण्याचा आवाज थांबला. मुत्तक्काने पोरांना हात धुवायला पिटाळलं आणि आत गेली. मी तिच्यामागे गेले. कूसप्पा विळीकडे बघत बसला होता.

"अम्मा, लोकय्याच्या अंगात ताप होता, घरी कुणाला सांगितलं नव्हतं त्याने," तो म्हणाला. "येत नव्हता. मीच म्हटलं, बायकोच्या पदराआड बसतोस का. देजम्मा घरी नव्हती, त्याच्या दारात उभं राहून म्हटलं, म्हणून आला. होडी उलटली तेव्हा धरायला एकच रिकामा डबा होता. तो त्याच्या हाताला लागला होता. माझ्या नाकातोंडात पाणी जात होतं. त्याने डबा माझ्याकडे ढकलला. मी मागे वळून बघितलंच नाही."

मुत्तक्का जमिनीवर बसली. बराच वेळ तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. कूसप्पा रडत होता, ती नव्हती. मग म्हणाली, "हे देजम्माला सांगायला हवं."

"संध्याकाळी जातो तिच्या घरी."

"घरी नाही. खोटं तू चारचौघांत सांगितलंस, खरं तिच्या कानात सांगून भागायचं नाही. पूजेला सगळं गाव येईल, तिथे सांग. मी येते बरोबर."

पूजेच्या सकाळी भजनमंदिरासमोर नारळ, फुलं घेऊन गाव जमलं होतं. कूसप्पाने सांगितलं. या वेळी शब्द नीट लागत नव्हते, मागचं पुढे होत होतं, मधेच ताप, मधेच डबा. पण ते खरं आहे हे कुणाला सांगावं लागलं नाही. तो थांबल्यावर मुत्तक्का पुढे झाली. "मला दोन महिने संशय होता. मी गप्प बसले. तेही यातच धरा."

देजम्मा उठली, कूसप्पासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, मारणार. तिने फक्त विचारलं, "तो काही बोलला का?"

"म्हणाला, घट्ट धर."

ती सुगंधीचा हात धरून घरी निघून गेली.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. कूसप्पाला पुन्हा कुणी होडीवर घेतलं नाही. तो बर्फाच्या कारखान्यात लागला, अजून तिथेच आहे. देजम्मा त्याच्याशी आजतागायत बोललेली नाही. मुत्तक्कालाही ऐकून घ्यावं लागलं. बाजारात एक बाई तिला म्हणाली, "पोटच्या पोराला चव्हाट्यावर आणलंस, आई आहेस की कोण?" मुत्तक्का म्हणाली, "आई आहे म्हणून तर. अडीच महिने तो माझ्या हातचं जेवत नव्हता गं, नुसता चिवडत होता. पूजेच्या दुपारी दोनदा भात मागून घेतला त्याने." मला मात्र कधीकधी वाटतं, पोरांदेखत आणि त्यातही सुगंधीदेखत तिने ती गोष्ट सांगायला नको होती. मी तसं तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "मलाही वाटतं तसं. पण दुसरी रीत मला येत नव्हती."

पोरांचा तो बुडण्याचा खेळ मात्र बंद पडला. त्या वर्षी सुगंधीने निबंध लिहिला, 'माझे वडील'. त्यात एकच ओळ होती, माझ्या बाबाने डबा दिला. मी तिला पूर्ण गुण दिले. शेषगिरी सरांनी वही बघितली आणि गुण तसेच ठेवून परत दिली.

दोन वर्षांनी शाळेत पोरं वाढली, स्वयंपाकाला दुसरी बाई हवी होती. अर्ज देजम्माचा आला. पहिल्या दिवशी ती आत आली तेव्हा मुत्तक्का तांदूळ निवडत होती. तिने सूप थोडं सरकवलं. देजम्मा समोर बसली आणि खडे वेचू लागली. दुपारपर्यंत दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. मग देजम्माने सांबार चाखलं आणि म्हणाली, "अक्का, मीठ कमी आहे."

"घाल मग," मुत्तक्का म्हणाली.