दुसरा पुरावा मागणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस अख्ख्या सुरतेत नसेल, आणि तरीही उद्या मला कोणी विचारलं की बाबा, डोळे मिटून कोणावर विश्वास ठेवशील, तर मी त्यांचंच नाव घेईन. हे त्यांना सांगितलं तर ते लगेच म्हणतील, "डोळे मिटून कशाला? उघडे ठेवा की." व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. नात्यानं इतके मोठे की त्यांच्यापुढे आवाज चढवायची सोय नाही, आणि स्वभावानं असे की आवाज चढवल्यावाचून राहवत नाही. इच्छापोरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात त्यांची सारी नोकरी गेली. कोणत्या माणसाला कोणत्या मशीनवर कुठपर्यंत आत सोडायचं, हे ठरवणं एवढंच त्यांचं काम. नोकरी संपली, पण माणसाला आत सोडावं की सोडू नये हा प्रश्न ते सोबत घरी घेऊन आले.

उधन्याला त्यांच्या घरी गेलं की त्याचा प्रत्यय दारातच येतो. बेल वाजवली की आतून विचारणा होते, "कोण?" आपण म्हणायचं, "मी, व्याही." त्यावर उत्तर येतं, "आवाज ओळखला. दुसरं सांगा." दुसरं म्हणजे दुसरा पुरावा. दाराला बाहेरचा माणूस दिसेल असं भिंग आहे, त्यातून मी हातात पेढ्यांचा पुडा घेऊन घामाघूम उभा आहे हे त्यांना स्वच्छ दिसत असतं. पण त्यांचं म्हणणं असं की चेहरा आणि आवाज दोन्ही एकाच अंगावरचे, ते मिळून एकच झाले. दुसरा पुरावा वेगळ्या जागचा पाहिजे. एकदा त्यांनी विचारलं, "गेल्या खेपेला जेवायला काय होतं?" मी म्हणालो, "भरीत." "कसं होतं?" मी बेसावधपणे म्हणालो, "जरा तिखट होतं." तेवढ्यात स्वयंपाकघरातून व्याहीणबाईंचा आवाज आला, "तिखट व्हतं का? आते फिक्कं खावा!" आणि त्या दिवशी खरोखरच आम्ही फिक्कं खाल्लं. गंमत अशी की एकदा का दार उघडलं की या माणसासारखा आतिथ्यशील माणूस नाही. हातातली पिशवी काढून घेतील, पंखा आपल्याकडे वळवतील, पाणी स्वतः आणून देतील. सगळी झटापट उंबऱ्यापर्यंतच.

मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. लग्नात फुकट जेवून जाणारे लोक मुलाकडच्यांना सांगतात आम्ही मुलीकडचे, आणि मुलीकडच्यांना सांगतात आम्ही मुलाकडचे. हे त्यांना फार दिवसांपासून खुपत होतं. म्हणून त्यांनी हॉलच्या दारात आमच्याकडचा एक आणि त्यांच्याकडचा एक असे दोन जाणते लोक बसवले. पाहुण्यानं नाव सांगायचं आणि वर घरातली एखादी खूण सांगायची, मगच आत. इकडे भटजींनी मुलीच्या मामांना बोलवा म्हणून पुकारा केला. नवरीला मंडपात आणायचा मान मामाचा. मामा कुठे? तर मामा दारात! आमचा मेव्हणा पहिल्यापासून तापट. भाचीच्या लग्नात मी माझी ओळख देणार नाही म्हणून तो फेटा हातात घेऊन तिथंच अडून बसला होता. शेवटी नवरीच मुंडावळ्या सावरत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "मामा, मला लहानपणी काय म्हणायचास ते सांग ना एकदा." त्यानं रडकुंडीला येऊन सांगितलं, "चिमणे." आणि मग भाची त्यालाच मंडपात घेऊन आली. अक्षता पडल्यावर व्याही माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघा, फुकटा एकही आत आला नाही." मी मुलीचा बाप. मी मान डोलावली. त्या काळात मी व्याह्यांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावत असे.

माझा पर्वत पाटियाजवळ छोटासा स्टुडिओ आहे. साड्यांवर डिजिटल छपाई होते, तिची डिझाइनं आम्ही काढतो. पूर्वी सगळं कागदावर आणि पेन ड्राइव्हवर असायचं. मग डिझाइनं क्लाउडवर गेली, ईमेल होतीच, ऑर्डरींसाठी एक, बिलांसाठी दुसरं, हजेरीसाठी तिसरं अशी सॉफ्टवेअरं वाढत गेली. पासवर्ड मात्र सगळ्यांना एकच, आमच्या कुलदेवीचं नाव आणि पुढे एक दोन तीन. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली, देवीच्या फोटोशेजारीच लावलेला होता. मोबाइलवर ओटीपी यायचा तो ऑफिसच्या एकाच फोनवर, आणि तो फोन दाराजवळच्या टेबलावर. त्यामुळे दिवसभर आमच्याकडे या टोकाहून त्या टोकाला हाका चालायच्या, "ओटीपी आव्यो?" "आव्यो, आव्यो, लखो!" म्हणजे आला, लिहून घ्या. मग आकडे एका दमात मोठ्यानं. खालचा चहावालासुद्धा कधी कधी ते आकडे गुणगुणत वर यायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घरच्यासारखं वातावरण आहे असं आम्ही अभिमानानं सांगायचो.

मग एका हंगामात आमची डिझाइनं आमच्या आधी बाजारात दिसू लागली. आमची एकच मोठी पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक. स्टुडिओ चालतो तो त्या शेठच्या कामावर. त्यांनी दुसऱ्याच कोणाची साडी माझ्यापुढे उलगडून ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, आ तो बजारमां आवी गयुं छे. फरी थशे तो आपणुं काम बंध." हे तर बाजारात आलंय, पुन्हा असं झालं तर काम बंद. ते ओरडले असते तर परवडलं असतं. घरी मी बायकोशिवाय कोणाला काही बोललो नाही, पण स्टुडिओ बंद करून पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली बसायची मनाची तयारी सुरू केली होती.

त्याच सुमारास व्याही पहिल्यांदा स्टुडिओ बघायला आले. मुलीचे सासरे येणार म्हणून बायकोही आली होती. गरम लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती नाश्ता, मागवला, त्यावर शेव, कांदा, लोणी, शेजारी मसाल्याचा चहा. व्याही खुर्चीत बसले, त्यांनी टेबलाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात कोणीतरी ओटीपी ओरडला. व्याही उठले, हात जोडले आणि लोच्याला बोटही न लावता निघून गेले. चहासुद्धा तसाच. आता व्याही चहा न घेता उठून गेले याचा आमच्याकडे अर्थ एकच होतो. बायको मटकन खाली बसली. "काय व्हयनं हो? पोरनं काही चुकनं का?" मी मनात उजळणी केली. हुंड्याचं तर काही बोलणंच नव्हतं, मानपानात कसर ठेवली नव्हती. संध्याकाळी घाबरत घाबरत मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "मला काय माहीत बाबा! आल्यापासून जेवले नाहीत. नुसतं 'काचेखाली, काचेखाली' चाललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायच्या आत व्याही लॅपटॉप घेऊन जिन्यात उभे. मुलीच्या घरी सगळं ठीक आहे एवढं कळल्यावर मी त्यांना काहीही करू द्यायला तयार होतो, आणि त्यांनी खरोखरच काहीही केलं. आधी काचेखालचा कागद काढला. देवीचा फोटो कपाळाला लावून परत ठेवला. मग म्हणाले, आजपासून सिंगल साइन-ऑन. सगळ्या सॉफ्टवेअरांना मिळून एकच दार, आणि त्या दारात प्रत्येकानं आपापल्या नावानं यायचं. मी म्हणालो, "अहो, आधीही सगळ्याला एकच पासवर्ड होता, आता पुन्हा एकच दार. मग बदललं काय?" ते म्हणाले, "लग्न आठवा. आधी तुमच्याकडे एकच निमंत्रण होतं आणि ते सगळ्या गावाच्या खिशात होतं. आता दारात माणूस बसवलाय. तो प्रत्येकाचं नाव विचारणार, वर त्याच्या स्वतःच्या फोनवर खूण विचारणार. आणि नोकरी सोडून कोणी गेला, तर एका दारवानाला सांगितलं की पुरे. जो निघाला त्याचं नाव त्याच दिवशी काढायचं." आमच्याकडून निघून गेलेल्या लोकांची नावं मी मनात आठवू लागलो. देवीचं नाव त्या सगळ्यांना पाठ होतं.

पुढचे काही दिवस स्टुडिओत माझ्या नावानं खडे फोडले गेले. फोन घरी विसरला की माणूस दिवसभर बाहेर. आमच्या मुख्य डिझायनरनं तर नवा फोन घेतला आणि खूण विचारणारा जुना फोन बायकोला दिला. मग रोज सकाळी तो तिला फोन करून सांगायचा, "दाब गं 'होय'." हे व्याह्यांना कळलं तेव्हा ते त्याच्या घरी डिंडोलीला धडकले. आता त्या बाईंचं काही खरं नाही असं आम्हाला वाटलं. पण ते परतले ते अगदी भारावून. त्या बाई म्हणे 'होय' दाबायच्या आधी नवऱ्याला दरवेळी विचारायच्या, डब्यात आज भाजी कशाची आहे? त्यानं बरोबर सांगितली तरच दाबायच्या. व्याही म्हणाले, "मी त्या फोनवरची खूण त्याच्या नव्या फोनवर नेली. पण त्या बाईंसारखी व्यवस्था मला करता येणार नाही."

माझी अडचण वेगळी होती. मला 'नाही' म्हणता येत नव्हतं. फोनवर प्रश्न यायचा, "हे तुम्हीच आहात का?" आणि कोणी इतक्या अदबीनं विचारल्यावर माझा अंगठा आपोआप 'होय'कडे जायचा. व्याह्यांनी मग माझी शिकवणीच लावली. जेवताना विचारायचे, "पापड घेता?" मी म्हणायचो, "घेतो की." "चूक! तुम्ही मागितला होता?" "नाही." "मग होय कशाला? दार तुम्ही स्वतः ठोठावलं असेल तरच होय म्हणायचं. नसेल तर नाही." अशा रीतीनं त्यांच्या घरी मी कित्येक पापडांना मुकलो. मुलगी तोंडाला पदर लावून हसायची.

दिवाळीत सुरत रिकामी होते. आम्हीही खानदेशात गावी गेलो होतो. लग्नसराईची सगळी डिझाइनं तयार होती, बाजार उघडला की, म्हणजे लाभपंचमीनंतर, पार्टीला दाखवायची होती, आणि माझा स्टुडिओ राहणार की जाणार ते त्यावरच ठरणार होतं. भाऊबीजेला मी पाटावर बसलो होतो, बहीण ताम्हण घेऊन समोर, आणि खिशात फोन थरथरला. काढून पाहिलं तर तोच अदबीचा प्रश्न, हे तुम्हीच आहात का? सुरतेत स्टुडिओला कुलूप, मी इथं पाटावर. अंगठा नेहमीप्रमाणे 'होय'कडे निघाला होता, तेवढ्यात मला पापड आठवला. मी मोठ्यानं म्हणालो, "नाही!" आणि 'नाही' दाबलं. ओवाळायला पुढे आलेली बहीण ताम्हणासकट मागे सरली. तिची समजूत घालायच्या आधी मी अंगणात जाऊन व्याह्यांना फोन केला. ते सुरतेतच होते. त्यांनी तिथूनच माझं दार बंद केलं, तपासलं आणि थोड्या वेळानं सांगितलं की कोणीतरी अंदाजानं माझा पासवर्ड बरोबर जुळवला होता, फक्त दुसऱ्या पुराव्याशी अडला. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कुलदेवी बदलली नव्हती वाटतं?"

लाभपंचमीनंतर शेठनी एकेक डिझाइन पाहिलं, बाजारात माणसं पाठवून चौकशी केली आणि म्हणाले, "आ वखते कोईनी पासे नथी, भाऊ." या वेळी कोणाकडेच नाहीत. खाली उतरताच मी पेढ्यांचा पुडा घेतला. तडक उधन्याला गेलो, बेल वाजवली. आतून "कोण?" झालं, आणि मग, "आवाज ओळखायला आधी बोला तरी." मी नुसता पुडा भिंगासमोर धरला. त्या दिवशी त्यांनी दुसरा पुरावा न मागता दार उघडलं. माझ्या घरची चूल या माणसामुळे पेटती राहिली, हे मी तेव्हाही कसंबसं सांगितलं आणि आजही सांगतो.

यंदा जावयाची बदली पुण्याला झाली. मुलगी चालली आणि तिच्याबरोबर व्याही, व्याहीणबाईही. निघायच्या आदल्या सकाळी ते स्टुडिओत आले. दाराचा सगळा कारभार त्यांनी माझ्या नावावर करून दिला आणि म्हणाले, "आता माझं नाव काढा. जो निघाला त्याचं त्याच दिवशी." मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला, नक्की काढायचं का? त्यांच्याकडे पाहून मी म्हणालो, "नाही." पापड सोडले तर व्याह्यांना मी पहिल्यांदाच 'नाही' म्हणत होतो. ते म्हणाले, "चूक. दार तुम्हीच ठोठावलंय. होय म्हणा." मी 'होय' दाबलं आणि त्यांचं नाव गेलं. मग त्यांनी समोरचा चहा संपवला, लोचो सावकाश खाल्ला आणि बशी पुसून ठेवली.

आठवड्याभरानं अनोळखी नंबरावरून फोन आला. "मी, व्याही." आवाज ओळखीचाच होता, पण इतक्या दिवसांच्या शिकवणीचं चीज करावं म्हणून मी म्हणालो, "आवाज ओळखला. दुसरं सांगा." ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात. मी चूक म्हणालो खरा, पण मला बरं वाटलं होतं."

"ओळख पटली," मी म्हणालो. "बोला."