बायकांची ना हरकत

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडलेली होते. आदल्याच दिवशी, सलाइन लावलेला हात उचलून तिनं मला बजावलं होतं, "माझं काम आता तुझ्या नावावर होईल. पण बायकांना परत विचारायचं हं." आता पुन्हा? मी वैतागले, ती हसली... तीच आमची शेवटची भेट.

डॉ. सुजाता मूळची कागलची, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. आजऱ्याच्या काजू कारखान्यांत भट्टीच्या धुरात राबणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांचं काय होतं, याचा अभ्यास तिनं कोल्हापुरातल्या एका संस्थेत सुरू केला. श्वास मोजायला ती आजऱ्याला जायची, मी कोल्हापुरात बसून आकडेमोड करायचे. पुढं त्या संस्थेनं संशोधनातून अंग काढून घेतलं आणि सुजातानं दुसरीकडे नोकरी धरली. पण अनुदान मिळालेलं असतं संस्थेला. ते नव्या ठिकाणी वळवायचं म्हणजे जुन्या संस्थेची ना हरकत, नव्या संस्थेची हमी, नीतिसमितीची मंजुरी... हेलपाटे घालून चपला झिजल्या. सगळं हातात आल्यावर मी म्हटलं, सुटलो एकदाचे! तर बाईसाहेब म्हणतात, "सगळ्या साहेबांची ना हरकत मिळाली गं. ज्यांची छाती आहे त्यांची कुठंय?"

मी भडकले. बायकांनी एकदा होकार दिलेला होता. पुन्हा विचारल्यावर निम्म्या गळाल्या तर इतक्या वर्षांचा अभ्यास पाण्यात, आणि त्या धुराबद्दल कारखानदारांपुढं ठेवायला हातात काहीच नाही. "माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. तिच्या या शांतपणाचा मला फार राग यायचा. अजून येतो.

आजऱ्यात व्हायचा तो घोटाळा झालाच. "परत इचारताय म्हंजे आमच्या छातीत कायतरी गावलंय की, बाई!" असं म्हणून एकजण रडायलाच लागली. "छाती तीच हाय गं, हापिस बदललंय," हे सुजातानं घरोघरी, चुलीपाशी बसून समजावलं. परत आली ती खुशीत. एक बाई ठाम नाही म्हणाली होती.

"यात खूश होण्यासारखं काय आहे?"

"अगं, म्हणजे मी खरंच विचारलं."

बाकीच्या राहिल्या आणि अभ्यास तगला.

आता ती नाही आणि काम माझ्या नावावर आलंय. गेल्या आठवड्यात मी आजऱ्याला गेले, पहिल्यांदाच. काजू सोलायच्या खोलीत बायका जमल्या होत्या. मी सगळं सांगून कागद पुढं केले. कुणी हात लावेना. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "आता तुमी भाईर जावा की."

"का?"

"डाक्टरबाई जायच्या भाईर. न्हाय म्हणायचं झालं तर तोंडावर कसं म्हणायचं?"

हे सुजातानं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी बाहेर येऊन दाराशेजारच्या दगडावर बसले. आत मोठमोठ्यानं बोलणं चाललं होतं. जरा वेळानं एकजण चहाचा कप घेऊन आली.

"आमचं अजून ठरायचंय," ती म्हणाली. "बाईंनी कधी घाई केली न्हाय."

मी चहा घेतला. मनात म्हटलं, सुजाता, मी बसलेय गं. रडतेय, पण बसलेय.