पांढरी माशी आणि गौरीचा खोकला

रोपवाटिकेत हात कामात असतात आणि तोंड मोकळं असतं. ट्रेमध्ये बी टोचत दिवसभर बोलायचं, मग किस्से रोपांपेक्षा जास्त उगवतात. रोपं गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्से आमच्याकडेच राहतात.

मखमलाबादच्या पुढे भाऊंची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी. आम्ही सहा बाया कामाला. माझी गौरी चार वर्षांची, घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून माझ्याबरोबर शेडमध्येच असते. फवारणी झाली की तिला खोकला सुटतो, रात्रभर छाती वाजते. डॉक्टर म्हणाले, औषधाच्या वासापासून लांब ठेवा. तेव्हाच मी ठरवलं, काम सोडायचं नाही आणि पोरीला औषधात बसवायचं नाही. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते मात्र सुचत नव्हतं.

*

शेडमध्ये पिवळे चिकट कागद टांगलेले असतात. रोपांचा रस शोषणारी पांढरी माशी त्यांना चिकटते. एकदा भाऊ कागद हातात घेऊन खूश. "बघा, किती अडकल्या!"

काशीआजी आमच्यात सगळ्यात मोठ्या. त्यांनी मिरचीचं एक पान उलटं केलं. खाली माशाच माशा.

"अडकल्या त्या येड्या भाऊ. शहाण्या हितं हायेत."

पुढच्या आठवड्यात औषध कंपनीचा माणूस आला. गेल्या वर्षीचं औषध आता लागू पडत नाही, डोस वाढवा म्हणाला.

आजी खाली मान घालून बी टोचत होत्या. तशाच बोलल्या, "मेल्या त्यांना पोरं होत नाहीत दादा. उरल्या त्यांनाच होतात. तुम्ही दरवर्षी तगड्या तेवढ्या निवडून ठेवता, मग औषध कसं लागू पडंल?"

त्याने विचारलं, "आजी, शाळा किती झाली?"

"लय झाली. तीन शाळांच्या भिंतींना चुना मारलाय मी."

*

भाऊंच्या बांधावर कारल्याचा मांडव आहे. यंदा फुलं भरपूर आणि कारलं एक नाही. मधमाश्याच फिरकल्या नाहीत. मग भाऊंनी मला आणि मंदाला सकाळी सकाळी तिकडे पाठवलं. नर फूल तोडायचं आणि मादी फुलाला हलकं टेकवायचं. कमरेचा काटा ढिला झाला.

मंदा पेठकडची, तिच्या जिभेला हाड नाही. भाऊ आल्यावर म्हणाली, "भाऊ, मधमाशीला दुपारचा चहा देत होता का?"

"नाही, का?"

"मंग बरोबर हाय. म्हणूनच काम सोडून गेली."

*

एकदा मी धीर करून भाऊंना म्हटलं, फवारणी जरा कमी करता येईल का?

भाऊ म्हणाले, "अगं, माणसं किती वाढली! नाशिक कुठं होतं नि कुठं आलं. एवढ्या तोंडांना भाजी पुरवायची तर औषध मारावंच लागणार."

मंदाने विचारलं, "भाऊ, तुम्ही भावंडं किती?"

"आठ."

"आणि हिला पोर एक. मंग गर्दी कोणी केली?"

सगळ्या हसल्या, भाऊसुद्धा. मला मात्र नीट हसू आलं नाही, कारण त्याच सकाळी येवल्याहून सासूबाईंचा फोन आला होता. "एकीवर थांबू नको. तिला भाऊ पाहिजे."

मी म्हटलं, "आई, आहे तिला आधी नीट श्वास घेऊ द्या."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर तो विषय त्यांनी काढलेला नाही, मीही नाही.

*

औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात मराठीत लिहिलेलं असतं. मी ते वाचून भाऊंना दाखवलं, "लहान मुलांपासून दूर ठेवा."

भाऊ म्हणाले, "बाटली दूर ठेवा म्हणतात. ठेवलीय ना वरच्या फळीवर?"

ठेवली होती खरी. आतलं तेवढं खाली सगळ्यांच्या अंगावर येत होतं.

*

शेडच्या टोकाला, जाळीच्या पलीकडे, एक कोपरा आहे. चार वाफे वांगी, थोडी मेथी, थोडी कोथिंबीर. फवारणी करणारा संतोष पाठीवर पंप घेऊन सगळीकडे फिरतो, तिथे वळत नाही. मी त्याला विचारलं, "ते राहिलं की."

"ते मालकांच्या घरी खायचं आहे ताई. तिथं मारायचं नाही."

 पुढच्या फवारणीला मी गोणपाट नेलं, त्या कोपऱ्यात अंथरलं आणि गौरीला वर बसवलं. बाकीच्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. मी तिथेच उभी राहिले.

भाऊ आले. "पोरीला इथं का बसवलंस?"

"आज फवारणी आहे ना भाऊ."

"अगं, नुसता वास असतो. त्याने काही होत नाही, किती वेळा सांगितलं तुला."

"मग आधी या वांग्यांवर मारा. तुम्ही मारायला घेतलंत की मी हिला उचलते."

संतोष पंपाचा दांडा धरून उभा. एकदा भाऊंकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. आजी तेवढ्या बी टोचत राहिल्या.

भाऊंनी वांग्यांकडे बघितलं. 

"संतोष, पंप ठेव खाली. सहानंतर मारत जा, बाया घरी गेल्यावर."

"आजपासून?" संतोषने विचारलं.

"मग काय दिवाळीपासून?"

तेवढ्यात गौरीने वाफ्यातली कोथिंबिरीची काडी खुडून तोंडात घातली. भाऊ तिच्याकडे बघत होते, मी भाऊंकडे. थुंक म्हणून कोणी म्हणालं नाही.